भुरीमागचे डोमकावळे: मैदानावरच्या नोंदी

५ ऑक्टोबर २०२४

सर्वपित्री अमावास्या २ तारखेला झाली. पंधरा दिवस गच्चीगच्चीवर वडा-खीर मिळत होती, ती बंद झाली आणि कावळे परत पोह्याच्या ठेल्यावर आले. तर्रीतले हरभरे खाली सांडतात, त्यासाठी गावकावळ्यांची टोळी सकाळपासून टपून असते. मला रस आहे तो मैदानाच्या टोकाच्या आंब्यावर राहणाऱ्या डोमकावळ्यांच्या जोडीत. अख्खं नागपूर पानं मांडून कावळ्यांना बोलावत होतं तेव्हाही ही दोघं भल्या सकाळी भुरीच्या मागे होतीच.

भुरी आमची कुत्री. देशी, तपकिरी, शेपटीचं टोक पांढरं. तिला सकाळ-संध्याकाळ फिरवावंच लागतं, त्यामुळे या कामासाठी वेगळा वेळ काढायला नको. बागेच्या आत कुत्र्यांना मनाई आहे, तशी पाटीच आहे. म्हणून आमची फेरी कुंपणाबाहेरून आणि मागच्या मैदानातून. मैदानात गवत वाढलेलं, कडेला कडुनिंब, करंज, दोन गुलमोहर आणि तो एक जुना आंबा.

शोधायचं एवढंच: हे डोमकावळे आमच्यामागे झाडाझाडावरून येतात ते कोणाला ओळखून? मला, भुरीला, की माझ्या पिशवीतल्या शेंगदाण्यांना?

गावकावळ्याची मान राखाडी असते. डोमकावळा चोचीपासून शेपटीपर्यंत काळाकुळकुळीत, अंगाने मोठा, चोच जाड आणि वरून कमानदार. नर-मादी दिसायला सारखेच. या जोडीतल्या एकाच्या उजव्या पंखातलं एक पीस अर्ध्यावर तुटलंय, उडताना तिथे फट दिसते. त्याचं नाव खिंडार. दुसऱ्याला तूर्तास जोडीदारच म्हणते. पावसाळ्यातली पिसं बदलून झालेली आहेत, त्यामुळे ही खूण पुढच्या पावसाळ्यापर्यंत टिकायला हरकत नाही.

९ ऑक्टोबर

रोजच्यासारखंच. गेटपाशी खिंडार, करंजापर्यंत सोबत. चौकीदारभाऊ म्हणाले, "काय जी ताई, कावळे पाळले का?" मी म्हटलं, पाळले नाही, तेच मागे लागलेत. "शनीचं वाहन हाय, लागू द्या," म्हणाले आणि वर शेंगदाणे मागून घेतले, स्वतःसाठी.

२० ऑक्टोबर

आज मजा पाहायला मिळाली. सालासकट शेंगा टाकल्या होत्या. खिंडार तीन शेंगा एकावर एक चोचीत रचून गवतात गेला, चोचीने माती उकरली, शेंगा खुपसल्या आणि शेजारचं वाळकं पान उचलून वर ठेवलं. पान वाऱ्याने हललं तर परत आला आणि दुसरं, जड पान ठेवलं. हे सगळं मी दहा-बारा पावलांवरून पाहत होते. भुरीही पाहत होती. तो उडाल्यावर ती सरळ गेली, नाक खुपसलं, पान बाजूला, शेंगा बाहेर. तिला शेंगा आवडत नाहीत. उकरून ठेवून दिल्या नुसत्या.

खिंडार आंब्यावरून बघत होता. ओरडला वगैरे नाही. खाली आला, त्याच शेंगा उचलल्या आणि या वेळी थेट बाकाच्या लोखंडी पट्टीमागे, जमिनीपासून वर, नेऊन अडकवल्या.

खाणं लपवणं ही कावळ्यांच्या कुळाची जुनी सवय आहे. रॅव्हन, म्हणजे याच कुळातला डोमकावळ्याहून मोठा पक्षी, तर कोणी बघत असेल तर लपवायची जागा बदलतात किंवा आडोसा शोधतात, यावर ऑस्ट्रियात थॉमस बुगन्यार यांनी बरंच काम केलंय. पण तिथे बघणारा दुसरा रॅव्हन असतो. इथे चोर नाकाने शोधणारा आहे. नजर चुकवून भागत नाही, उंचीच गाठावी लागते.

२७ ऑक्टोबर

जमिनीत लपवणं बंद झालेलं दिसतं, निदान भुरी मैदानात असताना. बाकाची पट्टी, कुंपणाच्या खांबाचं पोकळ टोक, कडुनिंबाची बेचकी. संध्याकाळी आमची फेरी आटोपल्यावर गेटबाहेर थांबून पाहिलं, तर जोडीदार परत गवतातच लपवत होता.

३ नोव्हेंबर

लक्ष्मीपूजनापासून मैदानावर डोमकावळे नाहीत. फटाक्यांचा कचरा गुडघाभर. भुरीही पलंगाखालून निघायला तयार नाही. नोंद एवढीच.

१७ नोव्हेंबर

भाचा दिवाळीच्या सुट्टीत आलाय, त्याला कामाला लावलं.

आधी मी एकटी गेले. तीच वेळ, तोच पंजाबी ड्रेस, तीच पिशवी, फक्त भुरी नाही. जोडीदार आंब्यावर होता. मान वाकडी करून एका डोळ्याने पाहिलं, जागचा हलला नाही. मी झाडाखाली जाऊन शेंगदाणे टाकले तेव्हा उतरला. माझ्यामागे मात्र एक झाडही आला नाही.

मग भाचा एकटा भुरीला घेऊन गेला. त्याला हे कावळे ओळखत नाहीत, त्याच्याकडे शेंगदाणेही नव्हते. मी रस्त्यापलीकडच्या चहाच्या टपरीवर बसून दुर्बिणीतून पाहत होते. दोन्ही डोमकावळे गेटपासून त्यांच्यासोबत. करंज, गुलमोहर, कुंपण, परत करंज. भाचा थांबला की तेही थांबत. भुरीने गवतात तोंड घातलं की एक जण खाली उतरून तिच्या मागे चारेक हातांवर उभा.

एका सकाळीवरून काही ठरत नसतं. कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ पडली असेल. पण पुढचे दिवस आम्ही अदलाबदल करत राहिलो आणि चित्र फारसं बदललं नाही. लांबून त्यांना कुत्री दिसते. माणूस तिच्या दोरीच्या दुसऱ्या टोकाला बांधलेला.

अहंकार दुखावला, हे खरंय.

१ डिसेंबर

वरच्या निष्कर्षाला छेद देणारी गोष्ट.

मागच्या गल्लीतला एक पोट्टा गुलेल घेऊन येतो. चौदा-पंधरा वर्षांचा असेल. आठवड्यापूर्वी त्याने आंब्यावर खडा मारला, कोणाला लागला नाही. तेव्हापासून तो मैदानात शिरला की खिंडार तारस्वरात सुरू होतो, नेहमीच्या आवाजात नाही, एकापाठोपाठ एक, घसा खरवडल्यासारखं. जोडीदार येतो, मग पोह्याच्या ठेल्यावरचे गावकावळे येतात. एरवी या दोन जातींचं पटत नाही. गावकावळे डोमकावळ्याला झुंडीने हाकलतात. पण या कामाला एकत्र.

आज पोट्टा क्रिकेटच्या टोळक्यातून आला. गुलेल नाही, कपडे वेगळे, सोबत त्याच्याच वयाचे सात-आठ जण. तरी नेमक्या त्याच्याच डोक्यावर घिरट्या. तो फिल्डिंगला लाँग-ऑनवर गेला तर कावळेही लाँग-ऑनवर. बाकीची पोरं हसून हसून लोळली. "काऊन बे, तुह्या मागंच लागले ते," म्हणाली.

म्हणजे तोंड त्यांना ओळखू येतं. व्यवस्थित येतं. माझं तोंड ओळखण्याची गरज त्यांना वाटत नाही, एवढाच त्याचा अर्थ.

२२ डिसेंबर

भाच्याने व्हॉट्सॲपवर विचारलं, मावशी, तुझे कावळे म्हणजे रॅव्हन का? नाही. रॅव्हन आपल्याकडे हिमालयात उंचावर आणि राजस्थान-पंजाबच्या कोरड्या भागात दिसतो, विदर्भात नाही. तो डोमकावळ्याहून मोठा, गळ्यावर दाढीसारखी पिसं, आणि उडताना शेपूट पाचरीसारखी दिसते. आपल्या डोमकावळ्याची शेपूट टोकाला गोलसर. कूळ मात्र एकच, आणि रॅव्हनवर जेवढा अभ्यास झालाय तेवढा आपल्या डोमकावळ्यावर झालेला नाही, त्यामुळे वाचायला बसलं की हटकून रॅव्हनच समोर येतो.

गुलेलवाल्या पोट्ट्यामुळे मला सिएटलचा प्रयोग आठवला. वॉशिंग्टन विद्यापीठातल्या जॉन मार्झलफ यांनी २००६ मध्ये गुहामानवाचा रबरी मुखवटा घालून काही कावळे पकडले, पायात कडी घालून सोडून दिले. पुढे तोच मुखवटा घालून कोणीही आवारात फिरलं, बाई असो, पुरुष असो, जाडा असो की बारीक, कावळे अंगावर येत. मुखवटा उलटा घातला तरी ओळखत. तुलनेसाठी दुसरा मुखवटा होता तो डिक चेनीचा, त्या वेळच्या अमेरिकी उपराष्ट्राध्यक्षांचा. त्याला कावळ्यांनी विचारलंही नाही. वर्षं उलटली तरी गुहामानवावरचा राग गेला नाही, उलट ज्यांना कधी पकडलंच नव्हतं तेही कावळे त्या तोंडावर ओरडायला शिकले.

ते अमेरिकन कावळे होते, रॅव्हनही नाही आणि डोमकावळेही नाहीत. पण लाँग-ऑनवर जे झालं ते वेगळं काही नव्हतं.

८ जानेवारी २०२५

शेंगदाणे बंद. गोरेवाडा बचाव केंद्रातले तीन वाघ आणि एक बिबट्या बर्ड फ्लूने गेल्याची बातमी आली. कोंबडीच्या मांसातून लागण झाली असावी असा अंदाज आहे. वाघाला होतो तो कुत्र्यालाही होऊ शकतो, आणि कावळा तर मेलेली कोंबडी सोडत नाही. भुरीला आता पूर्ण वेळ दोरीवर ठेवते, जमिनीवरचं काहीही तोंडात घालू देत नाही, घरी आल्यावर पंजे धुते. काकू म्हणाल्या, एवढं काय घाबरायचं. त्यांचा लॅब्राडोर तसाही सोफ्यावरून उतरत नाही.

प्रयोगाच्या दृष्टीने पाहिलं तर बरंच झालं. खाणं बंद केल्यावर ते येतात का, हे नाहीतरी कधीतरी पाहायचंच होतं.

१४ जानेवारी

संक्रांत. सकाळपासून गच्च्यांवरून "ओ काट!" नायलॉन मांजावर बंदी आहे हे फक्त पाटीवर. दुपारी करंजाच्या फांदीला एक गावकावळा पंखाने लटकलेला. खाली तीस-चाळीस कावळ्यांचा गोंधळ, त्यात आमचे दोन्ही डोमकावळे. चौकीदारभाऊंनी बांबूला कोयती बांधून फांदीच छाटली. मी जुनी ओढणी टाकून त्याला उचललं, हातमोजे घालून. मांजा पंखाच्या सांध्यात हाडापर्यंत गेलेला. धागा ओढून काढायचा नसतो, आणखी कापतो. दोन्ही बाजूंनी कात्रीने तोडून, तसाच खोक्यात ठेवून सेमिनरी हिल्सच्या ट्रान्झिट ट्रीटमेंट सेंटरला नेला. वनखात्याचं आहे ते, जखमी पक्षी-प्राणी घेतात. आज तिथे रांग होती, घारी, घुबडं, बगळे.

खोकं घेऊन मैदानातून निघाले तेव्हा वरून सगळे माझ्यावर ओरडत होते. साहजिक आहे. त्यांच्या दृष्टीने मी एका कावळ्याला पकडून नेत होते. पोट्ट्याच्या रांगेत आपलाही नंबर लागला की काय, ही धास्ती.

२० जानेवारी

लातूरच्या उदगीरमध्ये कावळे मरून पडताहेत, भोपाळच्या प्रयोगशाळेने बर्ड फ्लूच असल्याचं सांगितलं. आपल्या मैदानात मेलेला कावळा एकही दिसलेला नाही. रोज झाडांखाली बघते. दिसला तर हात न लावता पशुसंवर्धन खात्याला कळवायचं, हे चौकीदारभाऊंना सांगून ठेवलंय.

संक्रांतीनंतर मी एकटी गेले की गावकावळे दोन-चार शिव्या घालतात. भुरी सोबत असली की गप्प. गंमत आहे.

२ फेब्रुवारी

शेंगदाणे बंद करून बरेच दिवस झाले, जोडी अजून भुरीच्या मागे येतेच आहे. आधी वाटलं आशेवर येत असतील. आज नीट उभी राहून पाहिलं.

भुरी चालते तशी नाकाने पाचोळा ढकलत चालते. तिच्या पायांनी वाळक्या गवतातले नाकतोडे उडतात, पाचोळ्याखालचे भुंगेरे उघडे पडतात, एखादी सापसुरळी सटकते. खिंडार तिच्या मागे दोन-तीन हातांवर, बरोबर तिच्या चालीने, आणि जे उडेल ते टिपत. घुशीच्या बिळापाशी ती खरवडू लागली की दोघं दोन बाजूंनी उभे राहतात. मी मध्ये नाहीच. मैदानातल्या गुरांमागे बगळे फिरतात तसाच हा धंदा, फक्त गायीच्या जागी कुत्री.

रॅव्हन आणि लांडगे यांचं असंच आहे. अमेरिकेच्या यलोस्टोनमध्ये १९९५ पासून लांडगे परत आणून सोडले, तेव्हापासून तिथल्या रॅव्हनचं लांडग्यांशी किती घट्ट आहे ते अभ्यासकांना जवळून पाहता आलं. शिकार पडायच्या आधीपासून कळपासोबत असतात. आपल्याकडे वेगळं कुठे आहे? पेंचला, ताडोब्याला जिप्सीत बसलेल्या कोणालाही विचारा. झुडपावर डोमकावळे गोळा झाले की गाइड गाडी थांबवतो, खाली वाघाची नाहीतर बिबट्याची शिकार असायची शक्यता असते. जुने शिकारीही डोमकावळ्यांवरूनच माग काढत. डोमकावळा मांसभक्षकाच्या मागे चालत आलाय, माणसाच्या मागे चालण्याच्या कितीतरी आधीपासून. आमच्या लेआऊटमध्ये वाघ नाही. भुरी आहे.

१६ फेब्रुवारी

आंब्याला मोहर आलाय आणि त्यातच, वरच्या तिसऱ्या बेचक्यात, काटक्या जमताहेत. डोमकावळे गावकावळ्यांच्या आधी घरटी बांधतात, त्यामुळे तारीख बरोबर आहे.

आजची मुख्य नोंद. भुरी मैदानातल्या मातीच्या ढिगाऱ्यावर कोवळ्या उन्हात आडवी झाली होती. थंडीची लोकर सुटायला लागलीय तिची, मांडीवर फिकट पुंजके उभे राहिलेत. जोडीदार तिच्या पाठीमागून आला. थेट नाही. दोन उड्या पुढे, एक बाजूला, मान लांब, परत मागे. तिचा कान हलला की हा जागीच पुतळा. मी हातभर अंतरावर बसले होते, इतकी जवळ की त्याच्या डोळ्यावरून पांढुरका पडदा आडवा सरकून जाताना दिसत होता. मग चोचीचं फक्त टोक वापरून, चिमटीने धागा काढावा तसा, त्याने एक पुंजका उपटला. भुरीने डोळे उघडले, त्याच्याकडे पाहिलं, परत मिटले. त्याने दुसरा काढला. चोच भरेपर्यंत काढले, मिशा फुटल्यासारखा दिसत होता, आणि सरळ आंब्यावर.

डोमकावळ्याच्या घरट्यात आतून काथ्या, केस, घोड्याचे केस असं मऊ सामान असतं. घोडे राहिले नाहीत, कुत्री आहेत. संध्याकाळी ब्रशने भुरीचे केस काढून कुंपणावर ठेवले. त्याला कोणी हात लावला नाही. अंगावरचेच हवेत.

खिंडार मात्र केस घेत नाही. तो शेपूट ओढतो. मागून येऊन पांढऱ्या टोकाला चिमटा, भुरी वळेपर्यंत हा कुंपणावर. रॅव्हन लांडग्यांच्या शेपट्या ओढतात हे वाचलेलं होतं, कारण कोणालाच नक्की सांगता येत नाही. माझं मत: काही कारण नाही. ओढता येते म्हणून ओढतो.

१६ मार्च

घरट्यात एक जण कायम बसलेला. खिंडार आणून भरवतो, म्हणजे बसणारी मादी आणि खिंडार नर, असं धरून चालते. अडीच-तीन आठवड्यांत पिल्लं निघायला हवीत. दुर्बिणीतून शेपटीपलीकडे काही दिसत नाही.

२३ मार्च

पिल्लं आहेत. आई उठली की बारीक घरघर ऐकू येते. आणि आजपासून आंब्याखालून जायची सोय राहिली नाही. खिंडार भुरीच्या पाठीवरून इतका खालून गेला की तिने मान खाली घातली. जिच्या मागे पाच महिने फिरला, जिच्या केसांवर पोरं झोपलीत, तिच्यावरच. पण तिच्या बाजूने विचार केला तर तीही मांसभक्षकच. ताडोब्याचा डोमकावळाही बिबट्याला घरट्यापाशी येऊ देणार नाही.

आंबा टाळून फेरी बदलली. करंजाच्या पलीकडे गेलं की तोच खिंडार शांतपणे भुरीमागे नाकतोडे टिपायला येतो. त्याच्या डोक्यात सीमारेषा आखलेली असावी, मला ती साधारण बाकापाशी वाटते.

१३ एप्रिल

आता सकाळी सातलाच चटका बसतो. उन्हाळा लागला की अर्धं नागपूर तोंडाला दुपट्टा गुंडाळून फिरतं, फक्त डोळे उघडे, वर गॉगल. मीही. मार्झलफना मुखवटे आणावे लागले, आपल्याकडे एप्रिलमध्ये फुकट प्रयोग होतो.

माझ्या दुपट्ट्याने काही फरक पडला नाही. भुरी दिसली की झालं. फरक पडला तो पोट्ट्याला. तो पांढरा गमछा बांधून सायकलवरून मैदान ओलांडून गेला आणि खिंडारने मान वर केली नाही. पलीकडे जाऊन त्याने पाणी प्यायला गमछा खाली केला, आणि तिथून सुरू झालं. पाण्याची बाटली टाकून पळाला बिचारा. गुलेल त्याने केव्हाच सोडलीय, हे मी कावळ्यांना कसं सांगणार?

२० एप्रिल

एक पिल्लू खाली उतरलंय. आकाराने जवळजवळ आईएवढं, शेपूट आखूड, डोळे निळसर राखाडी, तोंड उघडलं की आतून लालगुलाबी. उडायला शिकताना असं होतंच. त्याला घरी न्यायचं नसतं, आईबाप वरून भरवत राहतात. बागेत येणाऱ्या दोन बायका त्याला दूधपोळी भरवायला निघाल्या होत्या, त्यांना थांबवलं. चौकीदारभाऊंनी फावड्यावर बसवून त्याला करंजाच्या खालच्या फांदीवर ठेवलं आणि आईची टपली डोक्यावर खाल्ली. "उपकाराची काही किंमतच नाही जी," म्हणाले.

भुरीची फेरी आठवडाभर रस्त्यानेच.

११ मे

दुपारभर कावळे चोच वासून बसलेले. समोरच्या गच्चीवरचा कूलर हे सगळ्यांचं ठिकाण झालंय. ताट्यांतून ठिबकणारं पाणी पितात, वाळकी पोळी आणून त्या पाण्यात भिजवतात, आणि गावकावळे तर ताटीतलं वुडवूल, म्हणजे लाकडाच्या बारीक तुसांचा भरावच, उपसून नेतात, कारण त्यांची घरटी आत्ता सुरू आहेत. गुलमोहरावरचं एक घरटं अर्धं काटक्यांचं, अर्धं तारांचं. घरमालक ताट्या बदलून बदलून वैतागलेत. त्यांना गच्चीच्या दुसऱ्या टोकाला मातीचं परळ भरून ठेवायला सांगितलं. कूलरवरची गर्दी कमी झाली, बंद नाही.

१ जून

गुलमोहरावरच्या घरट्यातून निघालं ते कोकिळेचं पिल्लू. महिनाभर नर कोकीळ ओरडून कावळ्यांना मागे लावत होता, तेव्हाच शंका आली होती. कोकिळेचं अंडं कावळ्याच्या अंड्याच्या दोन-तीन दिवस आधी फुटतं, पहिला घास त्याला. आता ते गावकावळ्याच्या मागे फांदीफांदीवर तोंड वासून फिरतंय आणि तो भरवतोय. जो लाँग-ऑनवरचा चेहरा सहा महिने विसरत नाही, त्याला घरातलं पोर परकं आहे हे कळत नाही.

१४ जून

पाऊस रेंगाळलाय. बर्ड फ्लूची बातमी बरेच दिवस कुठे नाही, तरी शेंगदाणे परत सुरू केलेले नाहीत आणि आता करावेसेही वाटत नाहीत. गरज कोणाला आहे?

खिंडारचं पिल्लू आता चांगलं उडतं, डोळे काळपट व्हायला लागलेत. आईबाप भुरीच्या मागे आले की तेही येतं, कडेला उभं राहून पंख थरथरवत मागतं, आणि एखादा नाकतोडा स्वतः पकडून पाहतं. चुकतो बहुतेक.

आज नवीन काहीतरी झालं. काकूंचा लॅब्राडोर, कधी नव्हे तो, मैदानात आला. खिंडार आणि जोडीदार आंब्यावरून हलले नाहीत. पिल्लू मात्र उतरलं आणि त्या जाड्याच्या मागे चालू लागलं, तसंच, दोन-तीन हातांवर, मान वाकडी करून. तो पाचोळा ढकलत नाही, वाकायचाही त्याला कंटाळा. अर्ध्या मैदानापर्यंत जाऊन पिल्लू थांबलं, त्याच्याकडे पाहिलं आणि परत फिरलं.

म्हणजे मोठ्यांना भुरी हवी, पिल्लाला अजून कुठलंही कुत्रं चालतं? की नुसती एका सकाळची गंमत? काकूंना विचारलं, काही दिवस तुमच्या कुत्र्याला रोज सकाळी आणता का, भुरीच्या आधी, एकट्याला.

"उद्या नाही जमणार," म्हणाल्या, "उद्या त्याची आंघोळ आहे. परवापासून आणते. पण त्याला चालवायचं तू, मी बाकावर बसणार."